सौ. की श्रीमती

"वहिनी, माझा हात सोडा. बांगड्या रुतायला लागल्यात," मी हळूच म्हणाले. वहिनींनी हात सोडला नाही.

मंगल कार्यालयात ज्या खोलीत नवरीला नटवतात, तिथं आम्ही दोघी दार लावून बसलो होतो. बाहेर हॉलमध्ये मतमोजणी चालली होती. खरी निवडणूक नव्हे, तिला अजून काही महिने होते. आमच्या पक्षानं त्या वर्षी नवंच खूळ काढलं होतं. विधानसभेचं तिकीट मुंबईत न ठरवता इथंच ठरवायचं, गावोगावच्या कार्यकर्त्यांनी चिठ्ठ्या टाकून. आमदार हेमलता काटकर, म्हणजे आमच्या वहिनी, दोनदा निवडून आलेल्या होत्या. तरी त्यांना आपल्याच माणसांपुढं पदर पसरून उभं राहावं लागलं होतं. आणि समोर उभा कोण, तर सख्खा धाकटा दीर, दिनकरराव.

मी वहिनींची पी.ए. होते. नाव भारदस्त आहे, काम तसं नव्हतं. भाषणं लिहायची, फोन घ्यायचे, रुसलेल्यांना चहा पाजायचा आणि वहिनींचा चष्मा शोधून द्यायचा. भाषणं मात्र मी मन लावून लिहीत असे. प्रत्येक भाषणात 'साहेबांचं अपुरं राहिलेलं स्वप्न' हे शब्द एकदा तरी यायचे. साहेब म्हणजे वहिनींचे यजमान, रावसाहेब काटकर. आमदार असतानाच अपघातात गेले आणि त्यांच्या जागी वहिनी उभ्या राहिल्या. पोस्टरवर वर साहेबांचा हसरा फोटो, खाली हात जोडलेल्या वहिनी, फिकट साडी, डोक्यावर पदर, कपाळ कोरं. ते पोस्टर पाहून म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत.

दार धाडकन उघडलं. तालुकाध्यक्ष गुलाबतात्या आत आले. त्यांच्या टोपीचं टोक कानावर आलं होतं.

"वहिनीसाहेब, निभावलं बघा," ते म्हणाले. "पार घासून गेलं, पर निभावलं."

वहिनींनी माझा हात सोडला. मनगटावर बांगड्यांचे वळ उठले होते. वहिनी उठल्या, पदर नीट केला आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "माझा चष्मा कुठाय?"

चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. माझा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे मला हसू आवरेना.

पण तो जीव भांड्यात फार वेळ टिकला नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गुलाबतात्या वहिनींच्या बंगल्यावर आले. मी सुपारी कातरून दिली. तात्यांना सुपारी तोंडात असल्याशिवाय राजकारण सुचत नसे.

"दिनूभाऊची समजूत काढून आलो," ते म्हणाले. "तो बंडखोरी करायचा न्हाई. त्याची मंडळीसुद्धा तुमच्या हळदीकुंकवाला यील, स्वतः कुंकू लावायला उभी ऱ्हाईल. घर एक झालं म्हणून फोटू छापून आणू. फकस्त एक गोष्ट."

"बोला."

"ते दुसऱ्या बायांचं तेवढं बाजूला ठेवा."

दुसऱ्या बाया म्हणजे विधवा. त्यांच्यावरूनच सगळं रामायण घडलं होतं. आदल्या वर्षी एका गावात वहिनींनी आपण होऊन दोन-चार विधवांना हळदीकुंकू लावलं आणि व्यासपीठावरून जाहीर केलं, पुढच्या संक्रांतीला तालुक्याच्या हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावणार, नवरा असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. ते भाषण मीच लिहिलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. मग दिनूभाऊंनी तोच मुद्दा धरला. साहेबांच्या नावावर निवडून यायचं आणि साहेबांच्याच घराची रीत बुडवायची, असं ते गावोगाव सांगत हिंडले. कार्यकर्ते पुरुषमाणसं. कितीतरी जण त्यांच्या बाजूला गेले. वहिनी त्या सबंध प्रचारात या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. मी दोनदा भाषणात घातलं आणि दोन्ही वेळा त्यांनी पेनानं खोडलं.

"निमंत्रणं गेलीत, तात्या," वहिनी म्हणाल्या.

"गेली तर जाऊ द्या की. रद्द कुठं करायचंय? हॉलमधी सुवासिनींचं हळदीकुंकू. आन् शाळेच्या पटांगणात गंगा-भागीरथी बायांचा तिळगूळ मेळावा. येगळा मंडप. खुर्च्या सारख्या, चहा सारखा. तुमी दोन्हीकडं जायाचं, भाषण ठोकायचं. कुणाचा अपमान न्हाई, कुणाची रीत बुडत न्हाई."

वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर माळी नळी लावून झाडांना पाणी देत होता.

"बघू," त्या म्हणाल्या.

तात्या खूश होऊन उठले. आमच्याकडे 'बघू' म्हटलं की निम्मं काम झालं असं धरून चालतात. तात्या गाडीतूनच मंडपवाल्याला फोन लावताना मला दिसले.

मी तिथंच उभी राहिले. वहिनी म्हणाल्या, "काय गं? तोंड का एवढंसं झालं?"

"माझी आई येणार आहे," मी म्हणाले.

"येऊ दे की."

"कुठल्या मंडपात?"

फोन वाजला आणि त्यांनी माझ्याआधी उचलला. एरवी त्या कधी फोन उचलत नसत.

माझ्या आईचं सांगायला हवं. हौसाबाई शेलार, राहणार भोकरवाडी. मी शाळेत असताना माझे वडील गेले. तेव्हापासून संक्रांतीच्या दिवशी माझी आई भल्या सकाळी म्हैस सोडायची आणि चारायला घेऊन जायची, ती तिन्हीसांजेला गल्लीतल्या बायांचं वाण लुटणं संपल्यावर परत यायची. कुणी तिला असं सांगितलं नव्हतं. कुणी तिला ये म्हणूनही सांगितलं नव्हतं. म्हशीला त्या दिवशी तेवढं चरायची गरज नसायची, हे मला लहानपणीही कळत होतं.

तिला मी दिवाळीपासून मनवत होते. आधी ती हसली, मग चिडली, मग बोलेनाशी झाली. शेवटी एका रविवारी भाकरी थापता थापता म्हणाली, "बरं. यीन. तू म्हणतीस तर यीन."

तिकिटाचा निकाल लागल्यानंतरच्या रविवारी मी घरी गेले, तर दोरीवर तिची ठेवणीतली जांभळी साडी वाळत होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण तसं वाटलं नाही.

"आये, एक सांगायचंय," मी म्हणाले आणि तिला तात्यांच्या दोन मंडपांचं सांगितलं. लपवायचं कशाला.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझी वहिनी काय म्हनली?"

"बघू म्हणाल्या."

"म्हंजी न्हाई."

"तसंच काही नाही."

"उज्ज्वे, म्या काय आज जन्माला आलीया? माणूस तिकिटाच्या आधी येगळा आन् तिकीट गावल्यावर येगळा. जीव वाचला की माणूस आधी घर शाकारतंय, दुसऱ्याच्या छपराकडं कोन बघतंय." ती दोरीवरची साडी उलटीसुलटी करत राहिली. "घरात कुनी बोलावलं न्हाई त्याचं काई वाटत न्हाई आता. सवं झाली. पर बोलावून दारातनं दुसऱ्या मांडवात धाडलं, तर मातर मला सोसायचं न्हाई बग."

"मग नको येऊस," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं.

"आता न्हाई कशी? साऱ्या आळीला सांगून बसलीया मी. शेवंता यायली, कोंडाबाई यायली. त्या माझ्या भरवशावर यायल्यात, आन् मी तुझ्या."

परतीच्या एस.टी.त मी वहिनींवर मनातल्या मनात पुष्कळ भाषणं केली. समोर गेल्यावर त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. एकदाच विचारलं, "वहिनी, गावाकडच्या बस कुठं थांबवायच्या? हॉलला की शाळेला?"

"बस थांबते तिथं थांबेल," वहिनी म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी हॉलवर गेले, तर फाटकाशी गर्दी जमली होती आणि गर्दीतून गुलाबतात्यांचा आवाज येत होता. फ्लेक्सवाला इकबाल कपाळावरचा घाम पुसत उभा होता. फाटकावर भलामोठा फ्लेक्स चढवला होता. गुलाबी रंग, कडेला तिळगुळाच्या वाट्या, मधोमध हात जोडलेल्या वहिनी. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'सौ. हेमलता रावसाहेब काटकर'.

मी दोनदा वाचलं.

विधवा आमदारीणबाईंच्या नावापुढं 'सौ.' लावलं होतं. आमच्याकडे लग्नपत्रिकेतसुद्धा 'सौ.' आणि 'श्रीमती' यांत चूक झाली तर नातेवाईक वर्षभर बोलत नाहीत. इथं तर चौकात, फाटकावर, सगळ्या तालुक्यासमोर.

"आरं, तुला काय झोप लागल्ती का छापताना?" तात्या ओरडत होते.

"तात्या, दिनूभाऊंनी आधीच ऑर्डर दिली होती," इकबाल काकुळतीला येऊन म्हणाला. "तिकीट आपल्यालाच मिळणार आणि हळदीकुंकूही आपलीच मंडळी करणार म्हणून. सौ. वैजयंता दिनकरराव काटकर, असं मॅटर तयार होतं. मग तुमचा फोन आला, वहिनींचा करा म्हणून. मी फोटो बदलला, नाव बदललं, 'दिनकरराव'चं 'रावसाहेब' केलं. ते 'सौ.' मागंच राहिलं."

जमलेल्यांत खसखस पिकली. दिनूभाऊंचे दोघे-तिघे तर मोबाईलवर फोटो काढत होते. तात्यांनी त्यांना हाकललं आणि इकबालला सांगितलं, "पळ, 'श्रीमती' छापून आण, चिकटव वर."

तेवढ्यात वहिनींची गाडी आली. त्या उतरल्या, फाटकापाशी थांबल्या आणि मान वर करून बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, आता इकबालचं काही खरं नाही.

"चूक झाली, वहिनीसाहेब," तात्या म्हणाले. "आत्ता 'श्रीमती' लावून घेतो."

वहिनी बघतच होत्या. मग त्यांच्या तोंडावर एक विचित्र हसू आलं. तिकिटाचा निकाल लागल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"श्रीमतीवर दोनदा निवडून आले मी, नाही का तात्या?" त्या म्हणाल्या.

"अं? व्हय, म्हंजी तसं..."

"राहू दे आता. बायका यायला लागतील. वेळ नाही," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

'वेळ नाही' म्हणजे नेमकं काय, ते मला कळलं नाही. तात्यांनाही कळलं नाही. त्यांनी इकबालला पिटाळलंच, आणि फाटकाशी आपला एक माणूस उभा करून त्याला सांगितलं की कोऱ्या कपाळाच्या बाया आल्या की त्यांना शाळेकडं वळवायचं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मी आत धावले. पण आत वहिनींना बायकांनी गराडा घातला होता आणि जाऊबाई वैजयंता त्यांच्या शेजारी करंडा घेऊन उभ्या होत्या. पैठणी, नथ, दंडात वाकी, सगळा थाट होता. फोटोग्राफर दोघींना जवळजवळ उभं करून 'थोडं हसा, थोडं हसा' करत होता. मला वहिनींपर्यंत पोहोचताच येईना.

हॉल भरत चालला. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ. वहिनी स्वतः करंडा घेऊन बायकांच्या रांगेतून निघाल्या, शेजारी जाऊबाई. पदर सरकत होते, बांगड्या वाजत होत्या. माझं सगळं लक्ष दाराकडे होतं.

आणि दारात आई दिसली.

जांभळी साडी, डोक्यावर घट्ट पदर. मागं शेवंताकाकू, कोंडामावशी आणि आणखी कितीतरी बाया, एकमेकींचे पदर धरून उभ्या असाव्यात तशा. तात्यांचा माणूस बाजूबाजूनं येत होता. "मावशी, हिकडं न्हाई, शाळंत, शाळंत मांडव हाय तुमचा," तो म्हणत होता. आई त्याच्याकडे बघतही नव्हती. मी वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि तिचा दंड धरला.

"चल आये, आपण घरी जाऊ," मी म्हणाले. त्या क्षणी मला खरंच तेवढंच हवं होतं. नोकरी गेली तरी चालेल, पण हिला इथून कुणी बाहेर काढायच्या आत मला तिला घेऊन जायचं होतं.

"थांब गं," ती म्हणाली आणि माझा हात बाजूला करून सरळ पुढं चालत गेली.

हॉलमधली कुजबूज पुढच्या रांगेपासून मागं पसरत गेली. वहिनी करंडा घेऊन जिथं होत्या तिथंच थांबल्या. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. गुलाबतात्या व्यासपीठावरून खाली उतरत होते.

"वहिनीसाब, म्या उज्ज्वलेची आय," आई म्हणाली.

"ओळखलं, मावशी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि हात पुढं केला.

तेवढं झालं असतं तरी मी सुखानं घरी गेले असते. मंडप दुसरा नाही, परत पाठवणी नाही, वहिनींनी शब्द पाळला. पण माझ्या आईनं त्यांचा हात मनगटाला धरून अडवला.

"आदी मला एक सांगा," ती म्हणाली. "भायेर फाटकावर लिवलंय, सौ. हेमलता. मला वाचाया येतं. ते वाचलं आन् ह्या समद्या बायांना म्हनलं, चला आत, बाईनं सौताला सौ. म्हनवून घ्यायचं धाडस केलंय, ती आपल्याला हाकलायची न्हाई. आन् आत येऊन बघते तर तुमचं कपाळ कोरं. हे कसं वो?"

कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं. आईला काय माहीत, ते 'सौ.' इकबालच्या घाईचं होतं.

गुलाबतात्या जवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, ती छापणाऱ्याची चूक हाय. आत्ता दुरुस्त हुईल."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. तिचा आवाज मुळीच चढला नाही.

"चूक व्हय?" ती म्हणाली. "मंग आमाला बोलावलं तीबी चूकच का?"

वहिनींचं मनगट अजून आईच्या हातात होतं. बोटावरचं कुंकू तसंच होतं. मी वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतकी वर्षं त्या चेहऱ्यासाठी मी शब्द लिहीत आले होते, पण तेव्हा त्यांना द्यायला माझ्यापाशी एक शब्द नव्हता. त्यांच्या त्या कोऱ्या कपाळाकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. दोन निवडणुका त्या कपाळावर जिंकल्या होत्या. दर भाषणात साहेबांचं स्वप्न मी तिथूनच तर उचलत होते. दुसऱ्यांना कुंकू लावायला त्या कधीच कचरल्या नव्हत्या. आदल्या वर्षी त्या गावात एका म्हातारीनं उलट त्यांच्या कपाळाकडे हात नेला होता, तेव्हा मात्र त्या हसून, हात जोडून मागं सरल्या होत्या. 'माझं राहू द्या,' म्हणाल्या होत्या. ते तेव्हा मला साहेबांवरचं प्रेम वाटलं होतं. ते प्रेम नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या कपाळावर बोट ठेवलं तर तिसरी निवडणूक हातची जाईल की काय, हे त्या हॉलमध्ये गुलाबतात्यांना कळत होतं, जाऊबाईंना कळत होतं आणि सगळ्यांत जास्त वहिनींना कळत होतं.

"वहिनीसाहेब," तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "फोटू काढायल्यात."

"काढू दे," वहिनी म्हणाल्या.

मग त्या आईला म्हणाल्या, "मावशी, चूक नाही. ना ती, ना ही." आणि त्यांनी हातातला करंडा आईपुढं धरला. "लावा."

"म्या?" आई गांगरली. आतापर्यंतचा सगळा ताठा गेला आणि ती एकदम लहान दिसायला लागली. "म्या कसं लावू? माझ्या हातानं..."

"तुमच्याच हातानं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारून मान खाली घातली. आई बुटकी आहे, म्हणून त्यांना बरंच वाकावं लागलं.

आईनं करंड्यात बोट बुडवलं. तिनं कुंकवाला हात लावलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. बोट इतकं कापत होतं की कुंकू नाकावर सांडलं, भुवईवर सांडलं, आणि कपाळावर लागलं ते सरळ काही लागलं नाही. शेवंताकाकू मागून हुंदके देत होत्या. मी तर केव्हाच रडायला लागले होते, पण ते रडणं वेगळं होतं. छातीवरून कुणीतरी पोतं उचलावं तसं मला हलकं वाटत होतं.

वहिनींनी मान वर केली. हॉलमध्ये अजून कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा वैजयंताबाईंकडे वळल्या. काही वावगं घडलं तर त्यांनी तडक निघून यायचं, असं दिनूभाऊंनी बजावून पाठवलं होतं, हे अर्ध्या हॉलला माहीत होतं. त्या पैठणीचा काठ हातात धरून उभ्या होत्या. मग त्या पुढं झाल्या.

"थांबा ताई," त्या जावेला म्हणाल्या, "वाकडं लागलंय." आणि पदराच्या टोकानं त्यांनी वहिनींच्या नाकावरचं कुंकू पुसलं आणि कपाळावरचं बोटानं गोल केलं. तेवढं करताना त्यांचे डोळे भरून आले होते. राजकारणासाठी रडायची कला त्यांना अवगत नव्हती, एवढं मी खात्रीनं सांगते.

त्यानंतर काय, बांधच फुटला. बायका खुर्च्या ढकलत पुढं आल्या. कोण कुणाला लावतंय, कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही, कुणी विचारायला तयार नव्हतं. वहिनींनी आईला लावलं, कोंडामावशीला लावलं, मग करंडाच हातून गेला आणि सगळ्या हॉलभर फिरत राहिला. इकबाल हातात 'श्रीमती'ची पट्टी आणि गोंदाची बाटली घेऊन दारात येऊन उभा होता. तात्या त्याला म्हणाले, "जा बाबा तू आता घरी," आणि स्वतः सुपारी चघळत शाळेच्या मंडपातल्या खुर्च्या हॉलमध्ये आणवायला गेले. तेवढं मात्र मानलं पाहिजे, वारं कुठलं आहे ते तात्यांना सगळ्यांत आधी कळायचं.

वहिनी पुढं निवडून आल्या. मताधिक्य आधीपेक्षा कमी होतं. कुणामुळे वाढलं, कुणामुळे घटलं, यावर तालुक्यात पुष्कळ दिवस चहा उकळला. नव्या पोस्टरवर साहेबांचा फोटो होता आणि वहिनींच्या कपाळावर कुंकूही होतं. मी भाषणातले ते स्वप्नाचे शब्द काढून टाकले, आणि या वेळी वहिनींनी काहीच खोडलं नाही. माणसं मला अजून विचारतात, एवढ्या थोडक्यात वाचल्यावर कुणी इतका धोका पत्करतं का. मी सांगते, त्या दिवशी मी वहिनींना एवढंच विचारलं होतं, की हे तुम्ही आधीच ठरवलं होतं का. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईनं मनगट किती घट्ट धरलं होतं, बघितलंस का?" आणि त्या मनगट चोळत राहिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी बस भोकरवाडीला निघत होती. आईला सोडायला मी फाटकापर्यंत आले होते. कपाळावर बोटभर कुंकू, केसांत कुणीतरी माळलेला गजरा, हातात वाणाची कागदी पिशवी. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. मी तिला म्हटलं, "आये, बरं वाटलं ना?"

तिनं पिशवीत हात घालून वाण बाहेर काढलं आणि उजेडात धरून बघितलं. चहाची प्लास्टिकची गाळणी होती, पिवळ्या रंगाची.

"हे व्हय वाण?" ती म्हणाली. "येवढी मोठी आमदारीण आन् चहाची गाळणी? शेवंते, तुला काय मिळालं गं?"

"गाळणीच," शेवंताकाकू खिडकीतून म्हणाल्या. "आन् जाळी ढिली हाय."

"मागल्या साली त्या सरपंचाच्या सुनेनं इस्टीलचा डबा दिल्ता म्हनं. झाकणाचा." आईनं गाळणी पिशवीत टाकली, बसच्या पायरीवर चढली आणि वरून माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढल्या सालासाठी तुझ्या वहिनीला आत्ताच सांगून ठिव. आमी येवढ्या लांबनं येनार, तर काई तरी बरं देत जा म्हनावं."